हंगामी

मी नऊ वर्षं एका महाविद्यालयात भूगोल शिकवला. पृथ्वी कायम होती, मी तासिका तत्त्वावर होतो.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे. दिवाळीत तास नाहीत, म्हणून दिवाळीत पैसे नाहीत. परीक्षेच्या दिवसांत सुपरव्हिजन करायची, गठ्ठेच्या गठ्ठे तपासायचे, पण तो 'तास' नव्हे. हजेरीच्या मस्टरवर कायम प्राध्यापकांची नावं ठसठशीत शाईत असत. त्यांच्याखाली पट्टीने मारलेली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली शिसपेन्सिलीने माझं नाव. पहिल्याच वर्षी मी ऑफिसातल्या भाऊसाहेबांना विचारलं, "भाऊसाहेब, माझं नाव शाईने का नाही लिहिलं?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "सर, खोडताना कागद फाटतो हो."

आपल्याकडे "कुठे असता?" या प्रश्नाच्या पाठीला पाठ लावून "कायम का?" हा प्रश्न येतो. दोनच शब्द, पण एक्स-रे काढावा तसा माणूस आरपार दिसतो. पगार किती, गृहकर्ज मिळेल का, मुलगी द्यावी का, सगळं एका फोटोत. मी दोन वर्षं या प्रश्नाला "होईन लवकरच" म्हणालो, पुढची चार वर्षं नुसता हसलो आणि शेवटची तीन वर्षं "कुठे असता?" हा प्रश्नच टाळायला शिकलो.

या काळात मला धीर दिला तो एका जुन्या तबकडीने. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी एक गृहस्थ मोडकी शिवणयंत्रं आणि पितळी समया यांच्या मधोमध काही एलपी मांडून बसले होते. त्यात रोलिंग स्टोन्सची 'ब्लॅक अँड ब्लू' होती, १९७६ सालची. कव्हरवर पाच चेहरे, कॅमेऱ्याच्या अगदी नाकाशी आलेले. घरी येऊन मी तबकडी लावली आणि सवयीप्रमाणे बारीक अक्षरांतला मजकूर वाचायला घेतला. हंगामी माणसाला बारीक अक्षरं वाचायची सवय असतेच, त्याचं सगळं भवितव्य तिथेच लिहिलेलं असतं. वाचता वाचता लक्षात आलं की इथे काहीतरी घोळ आहे. कव्हरवर पाच माणसं आणि आत ही गर्दी! गिटार वाजवणाऱ्यांतल्या दोघांचे चेहरे कव्हरवर कुठेच नव्हते. आणि कव्हरवर असलेल्या एकाने आत जेमतेम हजेरी लावली होती.

मी ओळखलं, हा माझ्याच बिरादरीचा मामला आहे.

झालं होतं असं. स्टोन्सचा गिटारवाला मिक टेलर १९६९ मध्ये ब्रायन जोन्सच्या जागी आला, तोच मुळी बदली म्हणून. आपल्याला एखाद्या दिवसाच्या रेकॉर्डिंगला बोलावलंय अशा समजुतीने हा वीस वर्षांचा पोरगा स्टुडिओत गेला आणि बाहेर आला तो जगातल्या सर्वांत नाठाळ बँडचा सदस्य होऊन. ५ जुलै १९६९ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम, आणि त्याच्या दोनच दिवस आधी ब्रायन जोन्स वारलेला. रुजू होण्याचा मुहूर्त म्हणून याहून वाईट दिवस पंचांगात शोधून सापडला नसता. पाच-साडेपाच वर्षं टेलरने अप्रतिम वाजवलं. मात्र गाण्यांच्या श्रेयात नाव येत नाही अशी त्याची एक कुरकुर होती. डिसेंबर १९७४ मध्ये त्याने बँड सोडला.

नोटीस पिरियड वगैरे काही नाही. रॉनी वुड सांगतो त्याप्रमाणे लंडनच्या एका पार्टीत टेलरने बँडचा गायक मिक जॅगरला "मी चाललो" असं सांगितलं, तेव्हा वुड तिथेच शेजारी बसलेला होता. जॅगरने वळून त्यालाच विचारलं, येशील का? पण वुडकडे स्वतःचा बँड होता, 'फेसेस'. त्याने मित्रांना सोडायला नकार दिला, आणि नड पडली तर सांग एवढंही म्हणून ठेवलं. नाही म्हणताना दार किलकिलं ठेवण्याची ही कला हंगामी माणसाला उपजत असावी लागते.

इकडे नव्या अल्बमसाठी म्युनिकचा म्युझिकलँड स्टुडिओ ठरलेला. हा स्टुडिओ एका उंच हॉटेलच्या तळघरात होता. वर पाहुणे झोपलेले, खाली हे चौघे जागे. म्हणजे स्टुडिओ आहे, पैसा आहे, गाणी थोडीफार आहेत आणि दुसरा गिटारवाला नाही. एखाद्या संस्थेने काय केलं असतं? जाहिरात काढली असती, पात्रता ठरवली असती, समिती नेमली असती आणि समितीच्या चहापाण्यात वर्ष घालवलं असतं. स्टोन्सनी त्यापेक्षा हुशारी केली. त्यांनी मुलाखत आणि काम एकत्रच उरकायचं ठरवलं. एकेका वादकाला बोलवायचं, गाण्यात वाजवायला लावायचं, टेप चालू ठेवायची. जमलं तर माणूस मिळाला, नाही जमलं तरी गाणं झालं.

हा प्रकार आम्हा मास्तर लोकांना नवीन नाही. आमच्यात याला डेमो लेक्चर म्हणतात. मी एका गावी मुलाखतीला गेलो होतो. त्यांनी मला द्वितीय वर्षाच्या वर्गात उभं केलं आणि म्हणाले, "मान्सून घ्या." मी पाऊण तास मान्सून घेतला. अरबी समुद्रावरून ढग आणले, सह्याद्रीवर आपटवले, पलीकडे माण-खटाव कोरडे ठेवले. मुलं खूश झाली. नेमणूक दुसऱ्याच उमेदवाराची झाली, आणि त्याला म्हणे त्यांनी भूकंप विचारला होता. तिसऱ्या उमेदवाराकडून ज्वालामुखी. नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मुलाखतींच्या एका दिवसात त्यांचा निम्मा अभ्यासक्रम फुकटात शिकवून झाला होता. 'ब्लॅक अँड ब्लू' हा असाच डेमो लेक्चरांचा अल्बम आहे. फरक इतकाच की स्टोन्सनी ती लेक्चरं छापून विकली आणि अमेरिकेत अल्बम पहिल्या क्रमांकावर नेला.

जानेवारी-फेब्रुवारी १९७५ मध्ये हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम हॉलंडमध्ये रॉटरडॅमला हलला. स्टोन्सचा स्वतःचा फिरता स्टुडिओ होता, एका ट्रकमध्ये बसवलेला. तो तिथे नेऊन उभा केला आणि स्थळं यायला लागली.

जेफ बेक येऊन गेला. हा माणूस म्हणजे गिटारवाल्यांतला गिटारवाला. त्याला बोलावणं म्हणजे सत्यनारायणाला काशीचा महापंडित बोलावण्यासारखं. तो आला, बसला, वाजवलं आणि निघून गेला. नंतर त्याची तक्रार अशी की दोन तासांत आपल्याला तीनच कॉर्ड वाजवायला मिळाले. इथे मला स्टोन्सची बाजू घ्यावीशी वाटते. तीन कॉर्डांवर त्यांचं अख्खं घर चालतं, पाहुण्याला चौथा कुठून आणून देणार?

आयर्लंडचा रोरी गॅलाहर आला. हा अत्यंत सज्जन माणूस, वाजवण्यात तर सिंह. त्याच्या भावाने पुढे एक किस्सा सांगितला आहे. रोरीने दोन-तीन रात्री स्टोन्सबरोबर वाजवलं, सूर छान जुळले. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या दौऱ्यासाठी जपानला जायचं होतं. जॅगरने सांगितलं, वर जाऊन कीथशी बोलून घे. रोरी कीथ रिचर्ड्सच्या खोलीत गेला. कीथ पलंगावर आडवा, गाढ. हलवून उठेल अशातली ती झोप नव्हती. बिचारा रोरी परत आला, थोड्या वेळाने पुन्हा गेला, पुन्हा आला. रात्रभर त्याच्या अशा खेपा चालल्या. सकाळ झाली, कीथ काही उठला नाही, आणि रोरी विमानात बसून जपानला गेला.

मला ती खोली डोळ्यांपुढे दिसते. हंगामी माणसाच्या आयुष्यात अशी एक बंद खोली आणि आत झोपलेला एक साहेब असतोच. मुलगी पसंत, हुंडा नको, पत्रिका जुळली, फक्त घरातले मोठे काका तेवढे झोपलेत. आमच्या संचालकांच्या केबिनबाहेर मी चार मे महिने बसलो आहे. शिपाईमामा दर अर्ध्या तासाने यायचे आणि म्हणायचे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आता मला दाट संशय येतो की आतही रॉटरडॅमच चालू होतं.

पण खरं काम करून गेले ते दोन अमेरिकन. एक हार्वे मँडेल. 'कॅन्ड हीट' या बँडबरोबर तो १९६९ च्या वुडस्टॉकला वाजवून आलेला. दुसरा अलाबामाचा वेन पर्किन्स. या पर्किन्सची गोष्ट ऐकाल तर तुम्हाला भरून येईल. हा मसल शोल्सच्या स्टुडिओंत पडेल ते काम करणारा वादक. बॉब मार्ली आणि वेलर्सचा 'कॅच अ फायर' हा १९७३ चा अल्बम जगभर गाजला, त्यातल्या पहिल्या गाण्यातली रडवेली लीड गिटार पर्किन्सची. त्या दिवसापर्यंत त्याने रेगे हा प्रकार ऐकलासुद्धा नव्हता. लंडनच्या स्टुडिओत त्याला टेपवर वाजवायला सांगितलं, त्याने वाजवलं आणि तो घरी गेला. मूळ तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. रेगे सातासमुद्रापार नेणाऱ्या अल्बमवर एका गोऱ्या, अनोळखी, हंगामी माणसाची बोटं उमटलेली आहेत आणि मस्टरवर त्याची पेन्सिलसुद्धा नाही.

तर हा पर्किन्स 'ब्लॅक अँड ब्लू'च्या आठ गाण्यांपैकी तिनांत आहे. 'हँड ऑफ फेट' मधला गिटारचा तुकडा एकदा ऐका. तो ऐकून कोणीही म्हणेल की झालं, टेलरची जागा भरली, सुपारी फोडा. मँडेल दोन गाण्यांत आहे. आणि 'मेमरी मोटेल' नावाचं सात मिनिटांचं जे लांबलचक उदास गाणं आहे, त्यात तर मौजच आहे. त्यात पर्किन्स साध्या गिटारवर आणि मँडेल इलेक्ट्रिकवर. मग घरचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स कुठे? तो इलेक्ट्रिक पियानोवर बसलाय! पाहायला आलेल्या दोन मुलींना स्वयंपाकघर सोपवून घरच्या सुनेने ओटीवर येऊन पेपर वाचत बसावं, तसं हे गाणं आहे. आणि खरं सांगतो, स्वयंपाक फक्कड झालाय.

आता वुडकडे येऊ. मंडळी पुन्हा म्युनिकला परतली, तेव्हा तोही तिथे आला. बाकीचे उमेदवार आले ते सोफ्याच्या कडेवर बसून, "काय वाजवू?" असं विचारत. वुड आला तो म्हणाला, माझ्याकडे एक चाल आहे, घ्या वाजवायला. तो स्वतःच सांगतो की त्यावर ड्रमवर बसलेला चार्ली वॉट्स इतरांना म्हणाला, हा आत्ता कुठे दारातून आलाय आणि लागला हुकूम सोडायला. चार्ली कमी बोलणारा माणूस. त्याने एवढं बोलणं म्हणजे घरच्या आजीने "आगाऊ आहे मेला" म्हणून वर पोह्यांवर आणखी खोबरं घालावं तसंच. तिथेच निकाल लागला होता.

त्या चालीचं गाणं झालं 'हे नेग्रिता'. तबकडीवर रचनाकार म्हणून नाव पडलं जॅगर-रिचर्ड्स यांचं. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली: प्रेरणा, रॉन वुड. 'मेलडी' या दुसऱ्या गाण्याखाली तशीच ओळ पियानोवाल्या बिली प्रेस्टनसाठी.

हे 'प्रेरणा' वाचून मी तबकडी थांबवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. आमच्या विभागातून एक क्रमिक पुस्तक निघालं होतं. त्यातली दोन प्रकरणं माझी आणि नकाशे झाडून सगळे माझे. पुस्तक आलं तेव्हा प्रस्तावनेत "सहकाऱ्यांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तेजनामुळे" असे शब्द होते. त्या अनेकवचनात मी कुठेतरी असणार, असं मानून मी पेढा खाल्ला. उत्तेजन, प्रेरणा, सहकार्य, मार्गदर्शन: या सगळ्या नाण्यांवर सिंहाचं चित्र छान असतं, फक्त दुकानात ती चालत नाहीत.

शेवटी निवड वुडचीच झाली. का? कीथने आपल्या आत्मचरित्रात याचं कारण सरळ सांगून टाकलंय. पर्किन्स वाजवायला उत्तम होता, माणूस म्हणूनही आवडला होता, पण वुड इंग्लिश होता. एवढंच. छत्तीस गुण जुळून उपयोग नाही, गोत्र जुळावं लागतं. आपण आपल्या जातीपातीच्या पत्रिका घेऊन उगाच खाली मान घालतो. रॉक अँड रोल नावाच्या जगातल्या सर्वांत बंडखोर धंद्यातसुद्धा शेवटी प्रश्न आला तो "आपल्यातलाच ना?" असाच. अर्थात त्याला दुसरीही बाजू आहे. बँड म्हणजे दिवसाकाठी दोन तास वाजवणं आणि बावीस तास एकमेकांना सहन करणं. त्या बावीस तासांत कोणते विनोद कळतात आणि चहा कसा लागतो याला महत्त्व येतं. स्टाफरूममध्ये माझ्याहून हुशार उमेदवार नापास झालेले मी पाहिलेत, का, तर त्यांना कोणाच्या डब्यातलं लोणचं मागून घेता येत नव्हतं.

मी पुढे खोदत गेलो तसं लक्षात आलं की टेलर गेल्याने काही आभाळ फाटलं नव्हतं. ही आस्थापना पहिल्यापासून हंगामी माणसांवरच चाललेली.

स्टोन्सचं एक अतिशय गाजलेलं गाणं आहे 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल', बँडचं जणू बोधवाक्यच. त्यावर ड्रम चार्ली वॉट्सचे असतील अशी तुमची समजूत असेल. ते केनी जोन्सचे आहेत. १९७३ मध्ये रिचमंडला वुडच्या घरी रात्री गप्पा मारता मारता हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तिथे फेसेसचा ड्रमवाला हजर होता, चार्ली नव्हता. ते ड्रम तसेच ठेवले गेले. याच केनी जोन्सला पुढे कीथ मून वारल्यावर 'द हू' या बँडने बोलावलं, म्हणजे हा माणूस दोन-दोन घरी श्राद्धाला जेवून आलेला ब्राह्मण. 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट' मध्ये चार्लीला तो ठेका जमेना, म्हणून निर्माता जिमी मिलर उठला आणि स्वतः ड्रमवर बसला. 'हॅपी' या गाण्याच्या वेळी बाकी मंडळी यायची होती, म्हणून कीथ, मिलर आणि सॅक्सोफोनवाला बॉबी कीज एवढ्यांनीच उरकून टाकलं. कीर्तनकार आले नाहीत म्हणून टाळकऱ्यांनी पूर्वरंग आणि उत्तररंग दोन्ही करावेत, आणि गावाने म्हणावं, आजचं कीर्तन रंगलं.

पण या सगळ्यांत माझं दैवत म्हणजे इयन स्टुअर्ट. १९६२ मध्ये ब्रायन जोन्सने वादक हवेत म्हणून जाहिरात दिली, तिला सगळ्यात आधी उत्तर देणारा हा पियानोवाला. म्हणजे सेवाज्येष्ठता यादीत जॅगर आणि कीथच्याही वर. १९६३ मध्ये अँड्र्यू ओल्डहॅम नावाचा नवा मॅनेजर आला. त्याचं म्हणणं पडलं की सहा जण लोकांच्या लक्षात राहत नाहीत आणि या मोठ्या जबड्याच्या माणसाचा चेहरा काही बँडमध्ये शोभत नाही. झालं, स्टुअर्टचं नाव कमी. दुसरा कोणी असता तर कोर्टात गेला असता. स्टुअर्टने काय करावं? तो त्यांची गाडी चालवायला लागला. सामान चढव, उतरव, सगळ्यांना स्टेजवर ढकल, आणि मधूनमधून पियानोवर बस. हे त्याने १९८५ मध्ये मरेपर्यंत केलं.

आणि तरी त्याचा ताठा बघा. त्याला मायनर कॉर्ड आवडत नसत. ते वाजवायला तो साफ नकार द्यायचा. १९६९ च्या डिसेंबरात मसल शोल्सला 'वाइल्ड हॉर्सेस' हे गाणं सुरू झालं, त्यात मायनर कॉर्ड निघाले. स्टुअर्ट पियानोपासून बाजूला झाला. पंचाईत झाली. तेव्हा स्टुडिओत सहज बघायला आलेला जिम डिकिन्सन नावाचा मेम्फिसचा वादक पियानोवर बसला. म्हणजे हंगामी माणसाने संप केला म्हणून हंगामीच्या जागी हंगामी. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी बदलीचं कार्ड घेऊन फाटकाशी उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर यांना घ्यायचं. ते सांगत की बदली कामगाराच्याही मागे एक बदली उभा असे. स्टुअर्ट आणि डिकिन्सनची गोष्ट त्यांना सांगितली असती तर त्यांनी फक्त विचारलं असतं, "आणि त्या दिवसाचा खाडा कोणाचा धरला?"

स्टुअर्टला न्याय मिळाला तो १९८९ मध्ये, मेल्यावर तीन वर्षांनी. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टोन्सना मानाने घेतलं, तेव्हा बँडने आग्रह धरून स्टुअर्टचं नाव सदस्य म्हणून घालायला लावलं. मागील तारखेपासून कायम, थकबाकी नाही.

आता राहिला वुड. १ मे १९७५ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर एका हॉटेलात पत्रकार बसले होते, स्टोन्स येऊन दौऱ्याची घोषणा करणार म्हणून. स्टोन्स आत आलेच नाहीत. बाहेर रस्त्यावरून एक उघडा ट्रक आला, त्यावर हे सगळे वाजवत उभे. पत्रकार पळत बाहेर. त्या ट्रकवर वुड होता, पण अधिकृत भूमिका अशी की हा पाहुणा आहे, दौऱ्यापुरता फेसेसकडून उसना आणलाय, दौरा संपला की परत. उन्हाळाभर तो स्टोन्सबरोबर फिरला आणि नंतर फेसेसबरोबर. दोन कॉलेजांत तास घेणारे आम्ही लोक हेच करायचो, सकाळी इथे खंडवहन, दुपारी तिथे लोकसंख्या. मग वर्षाच्या शेवटी गायक रॉड स्टुअर्टने फेसेस सोडला, तो बँडच फुटला, आणि वुडला परत जायला घर उरलं नाही. १९७६ च्या सुरुवातीला तो स्टोन्सचा सदस्य म्हणून जाहीर झाला. म्हणूनच तो कव्हरवर आहे. पर्किन्स आणि मँडेल आत राहिले, तो बाहेर आला.

सदस्य झाला खरा, पण पगारी. नफ्यात वाटा नाही, महिन्याचं पाकीट. हे एक-दोन वर्षं नव्हे, तर नव्वदच्या दशकापर्यंत, बेसवाला बिल वायमन बँड सोडून जाईपर्यंत चाललं. सतरा-अठरा वर्षांचा परिविक्षा कालावधी! जगातली मोठमोठी स्टेडियमं भरवणारा, पोस्टरवर पाचांत असलेला माणूस हिशेबाच्या वहीत रेघेखाली होता. हे वाचल्यावर माझी नऊ वर्षं मला एकदम धाकटी वाटायला लागली.

वायमन १९९३ मध्ये गेला आणि बेस गिटारवर नवा माणूस आला, शिकागोचा डॅरिल जोन्स. थेट माइल्स डेव्हिसच्या हाताखाली वाजवलेला. निवड चार्ली वॉट्सने केली होती. १९९४ पासून प्रत्येक दौऱ्यात तो आहे. ७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, तेव्हा मी चर्चगेटहून चालत गेलो होतो. गर्दीत माझ्या शेजारी एक मुलगा होता, अंगावर ती जीभ बाहेर काढलेली टी-शर्ट, सगळी गाणी तोंडपाठ. मागे चार्लीच्या ड्रमजवळ अंधारात उभा असलेल्या माणसाकडे बोट दाखवून त्याने मला विचारलं, "काका, तो कोण?"

मी म्हटलं, "डॅरिल जोन्स. दहा वर्षं झाली त्याला."

"म्हणजे बँडमध्ये आहे?"

"नाही," मी म्हटलं, "तासिका तत्त्वावर आहे."

त्या मुलाला काही कळलं नाही. पण त्या रात्री मी जॅगरकडे कमी आणि त्या बेसवाल्याकडे जास्त पाहिलं. एकदाही पुढे आला नाही. एकदाही चुकला नाही. कायम माणसाला एखादा दिवस बेसूर जाणं परवडतं, हंगामी माणसाची मुलाखत रोज असते.

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. २०२१ च्या दौऱ्याआधी आजारी पडलेल्या चार्लीने आपल्या जागी स्टीव्ह जॉर्डनला पाठिंबा दिला, आणि त्याच ऑगस्टमध्ये चार्ली गेला. २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' आला, अठरा वर्षांनंतरचा नव्या गाण्यांचा अल्बम. मी जुन्या सवयीने बारीक अक्षरं वाचली. एका गाण्यात बेसवर पॉल मॅकार्टनी. एका गाण्यात म्हाताऱ्या बिल वायमनला निवृत्तीतून बोलावून घेतलेलं. इतर ठिकाणी निर्माता अँड्र्यू वॉट, कीथ, वुड. ज्याला गेली तीस वर्षं रोज रात्री हे काम पोटासाठी करावं लागलं, त्या डॅरिल जोन्सचं नाव मला सापडलं नाही. लग्न घरचं, वाढपी बाहेरचे, आणि रोजचा आचारी सुट्टीवर.

मी दहाव्या वर्षी ते महाविद्यालय सोडलं. अलीकडे एका कामासाठी तिथे गेलो होतो. भाऊसाहेब निवृत्त झालेत, मस्टर मात्र तसंच आहे, रेघही तिथेच आहे. खाली पेन्सिलीने दोन नवी नावं होती.

आज रोलिंग स्टोन्सचे कायम सदस्य तीन आहेत. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, आणि तिसरा तो, १९७५ च्या उन्हाळ्यापुरता उसना आणलेला. डॅरिल जोन्स २०२४ च्या दौऱ्यातही वाजवत होता. त्याचं नाव अजून रेघेखाली आहे.